सही करायच्या आधी एक फोन

पत्र: माझं वय ३८, नवऱ्याचं ४१. गेल्या वर्षी पहिली आयव्हीएफ सायकल झाली. पिकअपला, म्हणजे अंडी काढताना, काही त्रास झाला नाही. तीन एम्ब्रियो (लॅबमध्ये वाढवलेले गर्भ) पाचव्या दिवसापर्यंत टिकले. पहिला गर्भाशयात सोडला, तो ट्रान्सफर निगेटिव्ह आला. दुसऱ्यात दिवस राहिले, पण नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. तिसरा एम्ब्रियो फ्रीझ करून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात दुसरी सायकल सुरू होईल. या वेळी डॉक्टर म्हणाले, 'एम्ब्रियोची गुणसूत्रं तपासणारी पीजीटी-ए टेस्ट करून घ्या, म्हणजे नॉर्मल एम्ब्रियोच घालता येईल.' संमतीपत्र घरी दिलंय. नवऱ्याचं म्हणणं, 'करूनच टाकू, एकदा काय ते कळू दे.' मला मात्र सही करवत नाही. जन्माला यायच्या आधीच आपण पोराची परीक्षा घेतोय आणि नापास झालं की टाकून देणार, असं वाटतं. नणंद म्हणते, हे डिझायनर बेबीचं खूळ आहे. आणि मनात भीतीही आहे, पुन्हा तोच नववा आठवडा आला तर? आमच्याकडे तसं आनुवंशिक काही नाही. माझ्या एका मावसभावाला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे, पण तो मावशीकडचा. सही करू की नको, एवढंच सांगा.
पेन हातात धरून बसलेली

उत्तर:

पेन खाली ठेवा. सही करूच नका असं म्हणत नाही, आज करू नका एवढंच म्हणते.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही विचारलंय संमतीपत्राबद्दल, पण माझं बोट दरवेळी एकाच ओळीवर अडलं, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: 'पण तो मावशीकडचा.' तो मावशीकडचा आहे म्हणूनच तर ती ओळ मोलाची. तिच्याकडे येते. आधी विचारलेल्याचं उत्तर देते, कारण ही टेस्ट काय बघते आणि काय बघत नाही ते कळल्याशिवाय मी त्या ओळीपाशी का थांबले ते लक्षात यायचं नाही.

मी बरीच वर्षं एम्ब्रियोलॉजीच्या लॅबमध्ये काढली. संमतीपत्रावर 'बायप्सी' हा एकच शब्द असतो, त्याच्या आत काय घडतं ते सांगते. पाचव्या-सहाव्या दिवशी एम्ब्रियो शंभरावर पेशींचा झालेला असतो. मायक्रोस्कोपखाली तो पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा दिसतो. आत एका कडेला पेशींचा घट्ट पुंजका असतो, त्याचं पुढे बाळ होतं. बाहेरचा पातळ थर असतो, त्याची वार होते. एका काचेच्या नळीने एम्ब्रियो हलकेच धरायचा आणि बाळाचा पुंजका आपल्या कामापासून लांब राहील असा फिरवून घ्यायचा. मग लेसरने वरच्या कवचाला भोक पाडायचं, बाहेरच्या थरातल्या पाच ते दहा पेशी दुसऱ्या नळीत ओढायच्या आणि लेसरनेच तोडून वेगळ्या करायच्या. त्या क्षणी फुग्यातलं पाणी निघून जातं आणि एम्ब्रियो चिमतो. पहिल्यांदा बघणाऱ्या शिकाऊ मुलीचा चेहराही त्याच्याबरोबर चिमतो. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं, तो काही तासांत पुन्हा फुगतो. बहुतेकदा तो फुगायच्या आधीच आम्ही त्याला फ्रीझ करतो.

त्या पाच-दहा पेशी मग एका इवल्या ट्यूबमध्ये सोडायच्या. साध्या डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही. ट्यूबवरचं नाव आणि नंबर मी मोठ्याने वाचायचे, शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने नोंदीशी ताडून 'बरोबर' म्हणायचं, मगच झाकण लावायचं. इतक्या वर्षांत ती वाचून दाखवायची वेळ आली की माझा आवाज थोडा बदलायचाच.

पुढे जेनेटिक्सच्या लॅबमध्ये त्या पेशींतला डीएनए वाढवून गुणसूत्रं मोजतात. तेवीस जोड्या, एकूण ४६. कुठे दोनाच्या जागी तीन आहेत का, कुठे एकच आहे का, एवढंच पीजीटी-ए बघते. पुस्तकाचे सगळे खंड कपाटात आहेत का हे मोजावं तसं. खंड उघडून आतल्या चुका ती वाचत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मावसभावापाशी आलो की लागेल.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ही तीच परीक्षा आहे. फक्त इथे शीत काढलेलं असतं वारेच्या थरातून, बाळाच्या पुंजक्यातून नव्हे, आणि पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असेलच असं नाही. एकाच एम्ब्रियोत काही पेशी नॉर्मल, काही चुकलेल्या, असं पुष्कळदा असतं. त्याला मोझेइक म्हणतात. पूर्वी असे एम्ब्रियो सरसकट बाद व्हायचे. २०१५ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे एकही नॉर्मल एम्ब्रियो नव्हता अशा १८ जणींना मोझेइक एम्ब्रियो घालून बघितले. त्यांतून सहा निरोगी बाळं जन्माला आली. त्यानंतर अशा एम्ब्रियोंकडे बघायची नजरच बदलली. त्याआधी किती बाद झाले असतील याचा विचार मी फार करत नाही.

आता नवव्या आठवड्याबद्दल. सुरुवातीच्या आठवड्यांत जे गर्भपात होतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांची चुकलेली बेरीज असते. आणि ही चूक बहुतेकदा अंड्यात होते. तुमची अंडी तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात तेव्हाच तयार झाली. तेव्हापासून त्यातली गुणसूत्रं जोडी धरून थांबली आहेत, वाटणी व्हायची ती पिकण्याच्या वेळी. अडतीस वर्षं धरलेला हात कधी वेळेआधी सुटतो, कधी सुटायच्या वेळी सुटत नाही. तुम्ही जिना चढलात म्हणून, जड उचललंत म्हणून, ऑफिसात ताण होता म्हणून ते झालं नाही. पत्रात तुम्ही असं कुठे लिहिलेलं नाही, पण मी हे न विचारताच सांगते. ज्या बायकांनी विचारलं नाही त्यांच्याच मनात ते जास्त असतं, असं मी बघितलंय.

त्या वेळी काढलेला भाग तपासणीला पाठवला होता का, ते फाइलमध्ये बघा. पाठवला असेल आणि गुणसूत्रांची चूक निघाली असेल, तर गेल्या वेळचं कारण कळलं. नॉर्मल निघाला असेल, तर ही टेस्ट तुमच्या त्या दुःखावर काहीच करू शकली नसती, आणि डॉक्टरांना दुसरीकडे शोधावं लागेल.

तुमच्या वयाला पाचव्या दिवसापर्यंत पोचलेल्या एम्ब्रियोंतले साधारण निम्मे गुणसूत्रांच्या हिशेबात चुकलेले असतात. पस्तिशीत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं, बेचाळिशीत पाऊण हिस्सा. हे ऐकलं की कोणालाही वाटतं, मग टेस्ट करायलाच हवी! इथेच एक घोटाळा होतो आणि तो सुशिक्षित माणसांचाही होतो. टेस्ट एम्ब्रियो बनवत नाही, सुधारतही नाही. तुमच्याकडे आहेत तेच निवडून वेगळे ठेवते. समजा तीन एम्ब्रियो मिळाले आणि त्यांतला एकच नीट आहे. टेस्ट केली तर तो पहिल्याच फेरीत घालता येईल. नाही केली तर कदाचित तिसऱ्या फेरीत त्याची पाळी येईल. बाळ दोन्हीकडे तेच. फरक पडतो तो मधल्या दोन फेऱ्यांचा, त्यांतल्या वाट बघण्याचा, आणि कदाचित आणखी एका नवव्या आठवड्याचा. हा फरक लहान नाही. पण 'टेस्ट केली की मूल होण्याची शक्यता वाढते' हे वाक्य वेगळं, आणि ते तुम्हाला कोणी ऐकवलं असेल तर ते पुराव्याच्या पुढे गेलंय.

पुरावा कसा बदलत गेला तेही ऐका, कारण त्यात आमच्या क्षेत्राची फारशी शोभा नाही. २००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पस्तीस ते एकेचाळीस वयाच्या ४०८ बायका. तेव्हा तिसऱ्या दिवशी एक पेशी काढून मोजकीच गुणसूत्रं तपासायचे. टेस्ट केलेल्यांत २४ टक्क्यांना मूल झालं, न केलेल्यांत ३५ टक्क्यांना. म्हणजे मदतीसाठी केलेल्या टेस्टने नुकसान केलं. तोवर ती कित्येक क्लिनिकांत चांगली रुळली होती. मग तंत्र सुधारलं, तिसऱ्याऐवजी पाचवा दिवस आला, सगळी गुणसूत्रं मोजता येऊ लागली. २०२१ साली चीनमध्ये १,२१२ बायकांचा अभ्यास झाला, सगळ्या सदतिशीपर्यंतच्या आणि चांगले तीन तरी एम्ब्रियो मिळालेल्या. तीन ट्रान्सफरपर्यंतचा हिशेब धरला तर टेस्ट केलेल्यांत ७७.२ टक्क्यांना मूल झालं आणि न केलेल्यांत ८१.८ टक्क्यांना. गर्भपात मात्र टेस्ट केलेल्यांत कमी होते, ८.७ टक्के विरुद्ध १२.६. ब्रिटनमध्ये आयव्हीएफवर देखरेख करणारी एचएफईए ही संस्था अशा जादा उपचारांना रंग देते. तिथेही हेच दिसतं: बहुतेक पेशंटना मूल होण्याची शक्यता वाढवण्याच्या बाबतीत पीजीटी-ए लाल, गर्भपात कमी करण्याच्या बाबतीत हिरवी.

तुम्ही अडतीसच्या आहात, चीनच्या अभ्यासातल्या बायका तुमच्याहून लहान होत्या. पस्तिशीनंतर ही टेस्ट जास्त उपयोगी पडत असावी असं दाखवणारे आकडे आहेत, पण ते एका मोठ्या अभ्यासातून मागाहून वेगळे काढलेले आहेत, त्यामुळे मी त्यांवर पूर्ण वजन टाकणार नाही.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? हिमोफिलियाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवते. मी सही पाचव्या दिवसापर्यंत लांबवली असती. 'चार किंवा जास्त ब्लास्टोसिस्ट (पाचव्या दिवसापर्यंत पोचलेले एम्ब्रियो) आले तरच टेस्ट करा, कमी आले तर तसेच फ्रीझ करा,' असं डॉक्टरांना सांगून बघितलं असतं. बरीच क्लिनिकं हे मानतात, विचारावं लागतं एवढंच. चार-पाच एम्ब्रियो हातात असले की निवडण्यात अर्थ असतो, वेळ वाचतो, गर्भपाताची धास्ती कमी होते. एक किंवा दोनच असतील तर निवडायचं कशातून? आणि दोनच असतील, प्रत्येकाची शक्यता निम्मी-निम्मी असेल, तर दोन्ही 'ॲबनॉर्मल' येण्याची शक्यता चारांत एक. तो रिपोर्ट हातात घेऊन ट्रान्सफर न करताच घरी जाणाऱ्या जोडप्यांना मी दारापर्यंत सोडायला गेले आहे. काही जणांना त्यातही सुटल्यासारखं वाटतं, 'निदान आशा लावून मग तुटली नाही.' काही जण मोडून पडतात. तुम्ही दोघं कोणत्या प्रकारचे आहात हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही. ते आधी तुम्हीच बसून बोलायला हवं.

आणखी एक. नॉर्मल आलेला एम्ब्रियो म्हणजे बाळ नव्हे. असे एम्ब्रियोही निम्म्याहून थोडे जास्त वेळाच बाळापर्यंत पोचतात. तुमच्या नवऱ्याला 'काय ते' एकदाचं कळायला हवंय, आणि ते या टेस्टमधून कळणार नाही. हे त्यांना आत्ताच सांगा. नाहीतर 'नॉर्मल' एम्ब्रियोचा ट्रान्सफर फेल गेला की तो धक्का त्यांनाच जास्त बसेल. त्या सोनोग्राफीच्या खोलीत तेही होते, विसरू नका. 'करूनच टाकू' हे पुष्कळदा घाबरलेल्या माणसाचं बोलणं असतं.

फ्रीझमधल्या तिसऱ्या एम्ब्रियोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लिनिक विचारेल: 'तोही वितळवून टेस्ट करू का?' तसं करायचं तर तो वितळवायचा, बायप्सी करायची, पुन्हा फ्रीझ करायचा आणि ट्रान्सफरच्या वेळी पुन्हा वितळवायचा. बहुतेक एम्ब्रियो हे सोसतात, काही सोसत नाहीत. माझा सल्ला, आत्ता त्याला हात लावू नका. फ्रीझमध्ये त्याचं वय वाढत नाही. वाढतंय ते तुमच्या अंड्यांचं, म्हणून नवी अंडी काढायचं काम पुढे ठेवा आणि त्याला राखीव असू द्या.

आता मावसभाऊ.

हिमोफिलियाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, तो बिघडलेला आला की आजार दिसतो. बाईकडे दोन, त्यामुळे एक बिघडलेला असला तरी ती बहुधा ठणठणीत असते आणि तिला पत्ताही नसतो. अशा बाईला वाहक म्हणतात. म्हणजे हा आजार मुलग्यांत दिसतो, पण घराण्यात चालत येतो तो बायकांकडून: आजी, आई, मावशी, मुलगी. वडिलांकडच्या चुलतभावाला हिमोफिलिया असता तर तो धागा तुमच्यापर्यंत यायचं कारण नव्हतं. मावशीकडचा म्हणजे तुमच्या आईच्या सख्ख्या बहिणीकडचा. 'मावशीकडचा' म्हणून जो धागा तुम्ही तोडलात, तो नेमका तुमच्याच दाराशी येतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यात हेच झालं. रशियाचा राजपुत्र अलेक्सेई हा तिच्या मुलीच्या मुलीचा मुलगा. मधल्या दोघी निरोगी होत्या. त्यांच्या घरचा हिमोफिलिया नेमका कोणता हे कळायला २००९ साल उजाडलं, हाडांमधल्या डीएनएवरून.

तुमचा हिशेब असा. मावशी वाहक असतील आणि त्यांना तो एक्स तुमच्या आजीकडून आला असेल, तर तुमच्या आईला तो मिळाल्याची शक्यता निम्मी, आणि तुम्हाला मिळाल्याची त्याच्या निम्मी, चारांत एक. तो बदल त्या मुलात किंवा मावशींमध्ये नव्यानेच झालेला असेल, आणि हिमोफिलियाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात घरात आधी कोणालाच आजार नसतो, तर तुमच्यापर्यंत काहीच आलेलं नसेल. तेव्हा लगेच धसका घेऊ नका. पण चारांत एक ही शक्यता न तपासता पुढे जाण्याइतकी लहानही नाही.

आणि पीजीटी-ए या बाबतीत आंधळी आहे. मघाशी म्हटलं ना, ती खंड मोजते, आतलं वाचत नाही. सगळी ४६ गुणसूत्रं बिनचूक असलेल्या, रिपोर्टवर ठळक 'नॉर्मल' छापून आलेल्या एम्ब्रियोतही हिमोफिलिया असू शकतो. तुम्ही सही केली असती, टेस्ट झाली असती, मुलगा झाला असता, आणि एक दिवस पडल्यावर त्याचा गुडघा सुजून उतरलाच नसता, तेव्हा तुम्ही म्हणाला असता, 'पण आम्ही तर जेनेटिक टेस्टिंग केलं होतं!' हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

एका जनुकातली चूक शोधायची टेस्ट वेगळी, तिचं नाव पीजीटी-एम. गंमत अशी की एम्ब्रियो तपासण्याची सुरुवातच अशा आजारांसाठी झाली. १९९० साली लंडनमध्ये ॲलन हँडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्रावरचे आजार असलेल्या घरांसाठी पहिल्यांदा हे केलं. तेव्हा जनुक वाचता येत नव्हतं, म्हणून फक्त लिंग बघून मुलीचे एम्ब्रियो घालायचे. म्हणजे निरोगी मुलगेही बाद. आता थेट तो बिघाडच शोधता येतो, त्यामुळे मुलगा आहे म्हणून कोणी बाद होत नाही. लिंग बघून निवड करण्याला कित्येक देशांत कायद्यानेच मनाई आहे, आणि तुमच्या प्रश्नात त्याची गरजही नाही.

पीजीटी-एम मात्र तयार टेस्ट नसते, ती प्रत्येक घरासाठी बेतून घ्यावी लागते. त्यासाठी आधी मावसभावाच्या रक्तावरून नेमका बदल सापडायला हवा, मग तो तुमच्यात आहे का बघायचं. असेल तरच पुढे. बहुधा त्याचं, तुमच्या आईचं आणि तुम्हा दोघांचं रक्त लागतं, आणि काही आठवडे, कधी दोनेक महिने जातात. तोवर सायकल थांबवायची की पिकअप उरकून एम्ब्रियो फ्रीझ ठेवायचे, हे डॉक्टरांशी बोला. अडतिशीत एखादा महिना गेल्याने काही बिघडत नाही, वर्ष घालवू नका. तुम्ही वाहक निघालात तर बायप्सी तशीही होणारच. मग त्याच नमुन्यावर गुणसूत्रंही मोजून घेता येतात, आणि वरची सगळी चार-ब्लास्टोसिस्टवाली चर्चा गैरलागू ठरते. तेव्हा हिशेब कडक होतो, कारण निम्मे एम्ब्रियो गुणसूत्रांत जातील आणि उरलेल्यांतला पाव हिस्सा हिमोफिलियात. दोन पिकअपचे एम्ब्रियो साठवून मग टेस्ट करावी का, हेही तेव्हा विचारा.

एक गोष्ट टेस्ट करा न करा, सांगायलाच हवी. वाहक बाईचं रक्त गोठवणारं फॅक्टर कधी कधी कमी असतं, तिचं तिला कळतही नाही. पिकअपमध्ये सुई योनीमार्गातून अंडाशयात जाते. गेल्या वेळी त्रास झाला नाही हे चांगलंच, तरी या वेळी आधी फॅक्टरची पातळी तपासून घ्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्याही कानावर मावसभावाची गोष्ट घाला. उलट ती पातळी नॉर्मल आली म्हणून 'मी वाहक नाही' असं मात्र समजू नका. ते फक्त जनुकाच्या तपासणीतून कळतं.

राहिली परीक्षेची गोष्ट. गुणसूत्रांपुरतं बोलायचं तर पास-नापास बहुतेकदा आपण ठरवतच नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एम्ब्रियोंची बायप्सी केली, पण रिपोर्ट न बघताच ट्रान्सफर केले आणि नंतर पाकीट उघडलं. पूर्णपणे चुकलेले निघालेल्या १०२ एम्ब्रियोंतून एकही बाळ झालं नव्हतं. बहुतेक रुजलेच नाहीत, काही थोडे दिवस राहून गेले. तुमचा नववा आठवडा त्यातलाच असू शकतो. पण मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. डाऊन सिंड्रोममध्येही एक गुणसूत्र जास्तच असतं, तरी ते बाळ जन्माला येऊ शकतं, वाढतं, हसतं. हिमोफिलिया असलेला मुलगा आज वेळेवर फॅक्टर मिळालं तर शाळा, नोकरी, संसार सगळं करतो. तिथे एम्ब्रियो बाजूला ठेवणं हा निसर्गाचा निकाल नसतो, तो तुमचा निर्णय असतो. हो म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत आणि नाही म्हणणाऱ्याही. दोन्ही प्रकारच्या आयांनी पुढे मुलांना तितक्याच मायेने वाढवलं. तुम्हाला तर याबाबतीत एक मोठी सोय आहे, हिमोफिलिया म्हणजे काय हे तुम्हाला माहितीपत्रकातून वाचायचं नाही. एक माणूस आहे, ज्याच्याबरोबर तुम्ही लहानाच्या मोठ्या झालात. हवं तर त्यालाच विचारा. फक्त असं विचारू नका, की त्याला वाटेल आपण टाळायची गोष्ट आहोत.

नणंदेला सांगा, गुणसूत्रं मोजणं म्हणजे डोळ्यांचा रंग निवडणं नव्हे. हां, हल्ली काही कंपन्या एम्ब्रियोची उंची, बुद्धी, पुढे होणारे मधुमेहासारखे आजार यांचे अंदाज गुणांत मांडून देतात. ते तुम्हाला कोणी देऊ केलं तर नणंदेचं म्हणणं खरं धरा आणि नको म्हणा. एका जनुकाचा हिमोफिलिया शोधणं आणि शेकडो जनुकांवरून 'हुशार' एम्ब्रियो शोधणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

क्लिनिकला जाल तेव्हा हे विचारा: मोझेइक आला तर तुमची लॅब तो रिपोर्टवर लिहिते का, आणि तुम्ही तो ट्रान्सफर करता का? काही ठिकाणी सरळ 'ॲबनॉर्मल'मध्येच टाकतात. रिपोर्ट आलाच नाही, शंभरांत काही वेळा तसं होतं, तर पुन्हा बायप्सी की तसाच ट्रान्सफर? बाद ठरलेल्या एम्ब्रियोंचं काय करणार, आणि ते करण्याआधी आम्हाला विचारणार का? उत्तरं लेखी घ्या. पुढे दिवस राहिले, तर कोणत्याही पीजीटीनंतर गरोदरपणातल्या तपासण्या सोडायच्या नाहीत, कारण ही टेस्ट शंभर टक्के नाही.

पण हे सगळं पुढच्या आठवड्यात. आज संध्याकाळी मावशींना फोन करा. आधी ख्यालीखुशाली, मग विचारा की दादाच्या फाइलमध्ये 'फॅक्टर ८' लिहिलंय की 'फॅक्टर ९' (त्यावरून हिमोफिलिया कोणता ते कळतं), त्याची जनुकाची तपासणी कधी झाली आहे का, आणि आजीच्या एखाद्या भावाला किंवा मामाला लहानपणी रक्त थांबत नव्हतं असं कोणी बोलल्याचं त्यांना आठवतं का. फाइल सापडली तर त्या पानाचा फोटो मागवून घ्या, आणि तो संमतीपत्राच्या वर ठेवून मग डॉक्टरांकडे जा.